सात कोऱ्या ओळी

टूर द फ्रान्स ह्या सायकल-शर्यतीच्या विजेत्यांची अधिकृत यादी चाळताना १९९९ पासून २००५ पर्यंतच्या सात ओळींपाशी नजर अडखळते. त्या ओळींत वर्ष आहे, नाव नाही. दोन्ही महायुद्धांच्या काळात शर्यत भरली नव्हती, त्याचे कोणास काही वाटत नाही. पण ह्या सातही वर्षी शर्यत भरली होती. तीन आठवडे ती डोंगरदऱ्यांतून धावली, रस्त्याच्या दुतर्फा उभ्या राहिलेल्या लोकांनी ती पाहिली, आणि शेवटच्या दिवशी पॅरिसच्या राजमार्गावर पिवळा अंगरखा घातलेला एकच मनुष्य सातही वेळा सर्वांत उंच पायरीवर चढला. पुढे त्याचे नाव खोडण्यात आले. वरचे नाव खोडले की खालचे वर सरकवावे, हा कोणत्याही ज्येष्ठता-यादीचा साधा नियम. परंतु आंतरराष्ट्रीय सायकल-संघाने २०१२ च्या ऑक्टोबरात जागा रिकाम्याच ठेवण्याचे ठरविले. सरकवावे कोणास, हा प्रश्नच होता. त्या वर्षांत त्या मनुष्याच्या उजव्या-डाव्या हातास उभे राहिलेल्यांपैकी बहुतेकांवर मागेपुढे तोच ठपका आला होता.

हा मनुष्य म्हणजे अमेरिकेचा लान्स आर्मस्ट्राँग. त्याच्यावरचा २०२० सालचा दोन भागांचा अनुबोधपट, मारिना झेनोविच ह्या बाईंनी दिग्दर्शित केलेला, आम्ही जयपूरच्या काही मराठी मंडळींनी एका रविवारी एकत्र बसून पाहिला. आमचा हा गट लहानसाच आहे. कोणी बदलीवर आलेले, कोणी बदलीवर येऊन येथेच राहिलेले. एरवी आमच्या बैठकीत गणपतीची वर्गणी आणि मुलांचे मराठी ह्यांपलीकडे वाद होत नाहीत. त्या रात्री मात्र पोहे संपले, चहा दोनदा झाला, आणि तरी कोणी उठेना.

आमच्यातले सर्वांत वडील, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ते हिशेबतपासणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचे म्हणणे एका वाक्याचे होते. सात वर्षे खोटी नोंद केली, ती उघडकीस आली, रद्द झाली. आता त्या माणसाला पुन्हा साडेतीन तास बोलू देण्याचे प्रयोजन काय? एका तरुण अभियंत्याने त्यांना विरोध केला. सगळेच जर तेच द्रव्य घेत होते, तर सगळे एका पातळीवर आले, आणि त्या पातळीवर जो पहिला आला तो पहिलाच, असा त्याचा युक्तिवाद. ह्यावर हसे पिकले असते, पण यजमानीण वहिनी आतून आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या भावाची नागपुरात केमो चालली होती, तेव्हा त्याच्या मनगटावर तो पिवळा पट्टा होता. ह्या माणसाचं पुस्तक त्याच्या उशाशी असायचं. ते सगळं खोटं होतं, असं मला कोणी सांगू नका." नंतर थोडा वेळ कोणीच बोलले नाही.

अमेरिकेत आणि युरोपात ह्या अनुबोधपटावर जो गदारोळ उठला तोही, थोडक्यात पाहता, आमच्या दिवाणखान्यातलाच होता. ह्याला अजून पश्चात्ताप नाही म्हणून चिडलेला एक वर्ग. सगळे चोर असता एकालाच सुळी दिले म्हणून हळहळणारा दुसरा. आणि दुखण्यात ज्याने धीर दिला त्याचे ऋण कसे विसरावे, असे विचारणारा तिसरा. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. तथापि तिघेही एकाच माणसाकडे पाहत होते, आणि ह्या कथेत पाहण्याजोगी आणखीही माणसे आहेत. ती दिसण्यासाठी जरा मागे जावे लागते.

टूर द फ्रान्स १९०३ साली सुरू झाली ती एका वृत्तपत्राचा खप वाढावा म्हणून. ते पत्र पिवळ्या कागदावर छापले जाई. १९१९ पासून आघाडीच्या स्वारास मिळू लागलेल्या अंगरख्याचा रंग तेथून आला असे सांगतात. म्हणजे शर्यतीचे मूळच बातमीत आहे. कथा हवी म्हणून शर्यत, शर्यत आहे म्हणून वीर. मनुष्याच्या शरीरास न झेपणारे काही तरी त्याच्याकडून करवून घ्यावे आणि त्याचे वर्णन छापावे, असा हा उद्योग होता. तेव्हा शरीराने औषधांचा आधार घेतला ह्यात नवल नाही. १९२४ साली आंरी पेलिसिए आणि त्याचा भाऊ शर्यत अर्ध्यावर सोडून एका खानावळीत बसले असता आल्बेर लोंद्र नावाच्या पत्रकारास त्यांनी आपल्या पिशव्या उघडून दाखविल्या : डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म, आणि गोळ्या. त्यांपैकी धाकट्याने पुढे आपण लोंद्रची थोडी थट्टा केली असे म्हटले. पण पिशव्या खऱ्या होत्या. १३ जुलै १९६७ रोजी व्हाँतू पर्वताच्या चढणीवर टॉम सिम्प्सन हा इंग्रज स्वार कोसळला आणि मरण पावला. वय २९. त्याच्या अंगरख्याच्या खिशात उत्तेजक गोळ्यांच्या नळ्या सापडल्या. ह्याच्या आदल्याच वर्षी शर्यतीत तपासणी सुरू झाली होती, आणि तपासणीचा निषेध म्हणून स्वार सायकलवरून उतरून पायी चालले होते.

नव्वदीच्या दशकात एक निराळे द्रव्य आले. त्याचे लांबलचक नाव सोडून द्यावे. सर्वत्र त्यास ईपीओ म्हणतात. मूत्रपिंडाच्या आणि कर्करोगाच्या रुग्णांचे रक्त वाढावे म्हणून तयार झालेले हे औषध निरोगी माणसास टोचले की रक्तातील तांबड्या पेशी वाढतात, त्यांबरोबर प्राणवायू वाहण्याची शक्ती वाढते, आणि डोंगर सपाट होतो. गोळी मनुष्यास जागे ठेवी. हे औषध मनुष्यच बदलून टाकी. १९९८ च्या जुलैत फेस्तिना ह्या संघाचा एक नोकर सरहद्दीवर पकडला गेला आणि त्याच्या गाडीत अशा औषधांचा साठा मिळाला. संघच्या संघ शर्यतीतून काढण्यात आला. पुढील वर्षीच्या शर्यतीस संयोजकांनी नूतनीकरणाची शर्यत असे नाव दिले.

नेमका त्याच वर्षी आर्मस्ट्राँग जिंकला. १९९६ च्या ऑक्टोबरात, वयाच्या २५ व्या वर्षी, त्यास वृषणाचा कर्करोग झाल्याचे निघाले होते. तो फुप्फुसांत आणि मेंदूत पोहोचला होता. त्यातून तो वाचला, आणि तीन वर्षांच्या आत जगातील सर्वांत खडतर शर्यत जिंकून उभा राहिला. कलंकित झालेल्या खेळास ह्याहून चांगली कथा कोणती मिळावयाची? २००४ साली निघालेले पिवळे मनगटी पट्टे आठ कोटींहून अधिक खपले. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांत ते दिसत. २०१२ च्या आरंभी युवराज सिंग उपचारासाठी अमेरिकेत गेला तो इंडियानापोलिसला, आर्मस्ट्राँगवर ज्यांनी उपचार केले त्या डॉ. आइनहॉर्न ह्यांच्याकडेच. त्याच्याही हाती आर्मस्ट्राँगचे पुस्तक होते. वहिनींच्या भावासारखी किती माणसे असतील, ह्याची गणती कोणी केलेली नाही.

ह्या साऱ्या काळात आर्मस्ट्राँगचे एक उत्तर ठरलेले होते : माझी शेकडो वेळा तपासणी झाली, मी एकदाही सापडलो नाही. हे उत्तर पुष्कळांस पटे. आम्ही जयपुरात राहतो, म्हणून मला ह्या ठिकाणी जंतरमंतरची आठवण होते. सवाई जयसिंगाने आधी पितळेची यंत्रे वापरून पाहिली; ती लहान, त्यांचे आस झिजत, केंद्र ढळे, आणि आकाशाचे माप चुकत जाई. म्हणून त्याने दगडचुन्याची प्रचंड यंत्रे उभारली. ग्रहाची नोंद चुकीची निघाली तर दोष ग्रहाचा नव्हे, यंत्राचा, हे तो राजा जाणत होता. त्याच्या पदरी असलेले आपले जगन्नाथ सम्राटही जाणत होते. १९९९ साली ईपीओ मोजणारी चाचणीच अस्तित्वात नव्हती. ती २००० नंतर हळूहळू वापरात आली. यंत्रच नाही, तेथे 'सापडलो नाही' ह्या म्हणण्यास किती किंमत द्यावी? १९९९ चे गोठवून ठेवलेले नमुने पुढे संशोधनासाठी तपासले गेले, आणि त्यांतील सहा आर्मस्ट्राँगचे असून त्यांत ते द्रव्य आहे, असे २००५ च्या ऑगस्टात एका फ्रेंच क्रीडापत्राने छापले. तोवर तो सातवी शर्यत जिंकून निवृत्त झाला होता. लोकांनी ती बातमी वाचली आणि बाजूस ठेवली. फ्रेंचांना अमेरिकन डोळ्यांत खुपतो, एवढे स्पष्टीकरण पुरे झाले.

माणसांनी मात्र पितळी यंत्रांवर विसंबून न राहता जे पाहिले ते सांगितले होते, आणि तेही वेळेवर. क्रिस्तोफ बासाँ हा फ्रेंच स्वार त्याच फेस्तिना संघातला. संघातल्या इतरांनी औषधे घेतली, त्याने घेतली नाहीत. चौकशीत त्याच्या सहकाऱ्यांनीच तशी ग्वाही दिली. १९९९ च्या शर्यतीत तो दुसऱ्या संघातून उतरला आणि एका वृत्तपत्रात रोज मजकूर लिहू लागला. वेग पूर्वीइतकाच आहे, मग बदलले काय, असा त्याचा साधा प्रश्न होता. आल्प द्युएझच्या मार्गावर अंगात पिवळा अंगरखा असलेला आर्मस्ट्राँग त्याच्याजवळ आला, खांद्यास हात लावला, आणि तुझे हे लिहिणे खेळास घातक आहे, तू येथून निघून गेलेला बरा, अशा अर्थाचे बोलला. हे एकट्या आर्मस्ट्राँगचे काम असते तर बासाँ टिकला असता. पण जथ्यातले कोणीच त्याच्याशी बोलेना, त्याच्या स्वतःच्या संघातले लोकही टाळू लागले. काही दिवसांत एका पहाटे त्याने सामान आवरले आणि तो घरी गेला. दोन वर्षांनी त्याने हा व्यवसायच सोडला.

मला हा प्रसंग सबंध इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. औषध टोचणे हा एका माणसाचा अपराध. परंतु त्या जथ्याचे मौन कोणी टोचले नव्हते. कचेरीत आयुष्य घालविलेल्या वाचकांस हे मौन कशासारखे असते हे मी सांगावयास नको. फाईलवर खरा शेरा मारणाऱ्याकडे दुपारच्या डब्याच्या वेळी कोणाची पाठ वळते, आणि पुढच्या यादीत त्याची बदली कोठे होते, हे आपल्यापैकी बहुतेकांनी एकदा तरी पाहिलेले असते. क्वचित आपलीही पाठ वळलेली असते.

बासाँ एकटा नव्हता. फिलिप्पो सिमेओनी ह्या इटालियन स्वाराने आर्मस्ट्राँगच्या वैद्याविरुद्ध न्यायालयात साक्ष दिली. २००४ च्या शर्यतीत, तो एका किरकोळ आघाडीत सामील होण्यास निघाला असता, स्वतः आर्मस्ट्राँग पाठलाग करून त्याच्या मागे लागला. सिमेओनीपासून त्याच्या विजयास कवडीचा धोका नव्हता. पण आघाडीतल्या स्वारांना नको ते ओझे झाले, सिमेओनीस मागे फिरावे लागले. परत जथ्यात येताना आर्मस्ट्राँगने छायाचित्रकारांसमोर ओठांवरून बोट फिरवून तोंड शिवल्याची खूण केली. हे सर्व जगाने दूरचित्रवाणीवर पाहिले आणि खेळातली चुरस म्हणून सोडून दिले. त्याच्या संघात मालीश करणारी आयरिश बाई एमा ओरायली हिने एका औषधाची चिठ्ठी मागील तारीख घालून कशी तयार केली ते सांगितले. तिच्यावर दावा झाला आणि तिच्या चारित्र्याविषयी हीन शब्द उच्चारले गेले. डेव्हिड वॉल्श हा पत्रकार तिच्यासारख्यांच्या साक्षी लिहीत राहिला. त्याच्या लंडनच्या वृत्तपत्रास आर्मस्ट्राँगच्या दाव्यात २००६ साली तीन लाख पौंड मोजावे लागले. ही रक्कम पुढे व्याज व खर्चासह वसूल झाली, परंतु सात वर्षांनी.

ह्यानंतरचे थोडक्यात सांगण्याजोगे आहे, कारण ते सर्वांस ठाऊक आहे. १० ऑक्टोबर २०१२ रोजी अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने आपला निर्णय प्रसिद्ध केला. पुराव्याची पाने हजारावर, साक्षीदार २६, त्यांत त्याचे जुने सहकारी ११. बारा दिवसांनी सायकल-संघाने तो मान्य केला. २०१३ च्या जानेवारीत ऑप्रा विन्फ्री ह्यांच्यासमोर बसून आर्मस्ट्राँगने कबुली दिली. लक्षात घेण्याजोगे असे की शेवटी त्याला पाडले ते रसायनशास्त्राने नव्हे, साक्षींनी. आणि त्या साक्षी देणाऱ्यांपैकी काही लोक बासाँ निघून गेला तेव्हा त्याच जथ्यात खाली मान घालून सायकल मारीत होते.

मग अनुबोधपट आले. ॲलेक्स गिब्नी ह्या दिग्दर्शकाने २००९ साली आर्मस्ट्राँगच्या पुनरागमनाचे कौतुक चित्रित करावयास घेतले होते. बिंग फुटल्यावर त्यालाच आपल्या चित्रपटाचे नाव बदलावे लागले आणि २०१३ साली तो ह्या खोटेपणाचा चित्रपट म्हणून बाहेर पडला; आपण स्वतः भुललो होतो, ही कबुली त्याने चित्रपटातच दिली. २०१७ साली ब्रायन फोगेल नावाच्या हौशी सायकलस्वाराने स्वतःवर औषधांचा प्रयोग करीत चित्रपट काढला, तो वाटेत रशियाच्या सरकारी गैरप्रकारांपर्यंत पोहोचला आणि ऑस्कर घेऊन गेला. आम्ही पाहिलेला झेनोविचबाईंचा चित्रपट ह्या सर्वांत अधिक संथ आहे, आणि मला तो अधिक प्रामाणिकही वाटला. कारण त्यात आर्मस्ट्राँगला कोणी आडवे घेत नाही, तो बोलत राहतो आणि आपोआप उलगडत जातो. एका उपाहारगृहाबाहेर काही लोकांनी त्याला शिव्या दिल्या, तर त्याने मागाहून दूरध्वनी करून त्या लोकांचे खाण्यापिण्याचे पैसे स्वतः भरले, असे तो आरंभीच सांगतो. सांगताना चेहऱ्यावर समाधान असते. प्रायश्चित्तातही हा मनुष्य कोणाला तरी मागे टाकतो आहे, असे नाना पुटपुटले, आणि त्या वेळी मला त्यांचे पटले. ह्याच चित्रपटात यान उल्रिख ह्या आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याविषयी बोलताना त्याला हुंदका येतो. एका देशाने आपल्या दोषी स्वारास पुन्हा जवळ केले, दुसऱ्याने वाऱ्यावर सोडले, मार्को पान्तानीसारखा तर मरूनच गेला, हे तो तळमळून सांगतो. ते नाटक नव्हे. त्या क्षणी तरुण अभियंताही मान हलवीत होता. म्हणजे एकाच चित्रपटात प्रत्येकास आपापला आर्मस्ट्राँग मिळाला.

वाचकांनी परक्यांना हसू नये. आपण मराठी लोकांनी एका खोटे बोललेल्या वीरावर जेवढे प्रेम केले तेवढे क्वचितच कोणी केले असेल. कर्णाने आपण ब्राह्मण आहोत असे सांगून परशुरामाकडून विद्या घेतली. ते उघडकीस आल्यावर, ऐन वेळी विद्या आठवणार नाही असा शाप त्याला मिळाला. १९६७ साली शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आली आणि घराघरांतून कर्णासाठी डोळे ओले झाले. त्याचे कारण उघड आहे : ज्याला दाराबाहेर ठेवले होते त्याने आत येण्यासाठी खोटे सांगितले. आर्मस्ट्राँगचे चाहतेही असेच म्हणतात, मृत्यूच्या दारातून जो परतला त्याला थोडे माफ करा. परंतु कर्णावर प्रेम करताना आपण द्यूतसभेतला कर्ण वगळतो. द्रौपदीस तो काय म्हणाला, ते आपण आठवीत नाही. एमा ओरायलीविषयी काय म्हटले गेले तेही असेच वगळले जाते. खोटे हे पुष्कळदा क्षम्य असते. त्या खोट्याच्या रक्षणासाठी दुसऱ्यास जे सोसावे लागते त्याची क्षमा प्रेक्षकांनी परस्पर करून टाकावी, हे मात्र माझ्या मनास पटत नाही. तो अधिकार त्या दुसऱ्याचा आहे.

वाद रंगात आला तसा तो फ्रान्समधून घरी आला. जयपूरला खेळातील कलंक नवा नाही. २०१३ च्या मे महिन्यात येथल्या राजस्थान रॉयल्स संघाचे तीन खेळाडू पकडले गेले. त्यांत अंकित चव्हाण हा मुंबईचा मराठी मुलगा होता. २०१५ च्या जुलैत दिल्लीच्या न्यायालयाने तिघांनाही आरोपमुक्त केले. तरी चव्हाणवरची क्रिकेट मंडळाची आजन्म बंदी चालूच राहिली आणि पुढे २०२१ मध्ये ती सात वर्षांची झाली. त्याच २०१५ च्या जुलैत संघावरही दोन वर्षांची बंदी आली, आणि सवाई मानसिंह मैदानावर त्याचा सामना पुन्हा झाला तो २०१८ साली. मैदान भरले होते. पाच वर्षांपूर्वीचे नाव कोणी काढले नाही.

पण उत्तेजक द्रव्यांचाच प्रश्न असेल तर आपल्याला जवळचे उदाहरण नरसिंग यादवचे. वडील दूधवाले, मूळ वाराणसीकडचे. मुलगा मुंबईत वाढला, कुस्ती शिकला, २०११, २०१२ आणि २०१३ अशी लागोपाठ तीन वर्षे महाराष्ट्र केसरी झाला आणि राज्याच्या पोलीस दलात उपअधीक्षक झाला. २०१५ साली जागतिक स्पर्धेत कांस्यपदक जिंकून त्याने ७४ किलो गटात देशासाठी रिओ ऑलिंपिकची जागा मिळविली. दोन ऑलिंपिक पदके मिळविलेला सुशीलकुमार त्याच गटात आला होता. निवडीची कुस्ती व्हावी म्हणून तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला, आणि २०१६ च्या जूनमध्ये त्याचा अर्ज फेटाळला गेला. जुलैत बातमी आली की सोनीपतच्या शिबिरात घेतलेल्या नरसिंगच्या नमुन्यांत बंदी असलेले स्टेरॉइड सापडले. आपल्या खाण्यापिण्यात कोणी तरी ते मिसळले, असे त्याने सांगितले.

तालमीच्या जगात ही भीती जुनी आहे. मोठ्या कुस्तीआधी परक्या हातची थंडाई घेऊ नये, पेढा खाऊ नये, असे वस्ताद बजावीत आले आहेत. म्हणून लोकांना त्याचे म्हणणे ऐकताक्षणी खरे वाटले. निदान महाराष्ट्रात वाटले. उत्तरेकडच्या अनेक आखाड्यांना ते तितकेच सहज खोटे वाटले. राष्ट्रीय संस्थेने १ ऑगस्टला त्याला निर्दोष ठरविले. जागतिक संस्थेने त्यावर दाद मागितली, आणि क्रीडा लवादाने रिओमध्येच १८ ऑगस्टला, त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, चार वर्षांची बंदी घातली. घातपाताचा पुरावा नाही, आणि सापडलेले प्रमाण पाण्यात भुकटी मिसळल्याने येणारे नसून एकदोन गोळ्या घेतल्याने येणारे आहे, असे लवादास तज्ज्ञांच्या साक्षीवरून वाटले. नरसिंगने आपण निरपराध असल्याचे म्हणणे सोडले नाही. बंदी संपल्यावर तो २०२० च्या अखेरीस पुन्हा मॅटवर उतरला. २०२४ मध्ये कुस्ती महासंघाच्या खेळाडू-आयोगाचा अध्यक्ष म्हणून त्याची निवड झाली.

आर्मस्ट्राँग आणि नरसिंग ह्यांना एका तागडीत घालण्याचा माझा हेतू नाही. एकाने कबूल केले, दुसऱ्याने कधीच केले नाही. एकाविरुद्ध हजार पाने, दुसऱ्याविरुद्ध दोन नमुने. मला सांगावयाचे आहे ते प्रेक्षकांविषयी. आमच्या बैठकीत एकाने, फारसा विचार न करता, "तो तरी कुठे आपला मराठी होता?" असे म्हटले. तीन वेळा त्याच्या खांद्यावर मानाची गदा ठेवली तेव्हा तो आपला होता; नमुना सदोष निघाल्यावर त्याचे वाराणसी आठवले. परमुलखात राहणाऱ्या आम्हा मंडळींच्या तोंडी हे वाक्य कसे दिसते, हे नानांच्या लक्षात आले असावे. ते म्हणाले, "उद्या माझ्या तपासणीत चूक निघाली असती, तर इथल्यांनीही हेच म्हटलं असतं." बोलणाराही मग ओशाळला.

नरसिंगच्या प्रकरणात एक तिसरा मनुष्य होता, त्याचे नाव त्या रात्री आमच्यापैकी कोणालाही आठवेना. प्रवीण राणा. नरसिंग सदोष ठरल्यावर जुलैच्या अखेरीस कुस्ती महासंघाने त्याच्या जागी राणाचे नाव पाठविले. नरसिंग सुटताच ते मागे घेतले. लवादाचा निकाल आला तेव्हा वेळ निघून गेली होती. १९ ऑगस्टला रिओच्या ७४ किलो गटात भारताचा मल्ल उतरलाच नाही. देशभर सुशीलकुमारवर अन्याय झाला की नरसिंगवर, ह्याची चर्चा महिनाभर चालली. जाऊ शकला असता आणि गेला नाही, त्या मल्लाविषयी मी एकही अग्रलेख वाचल्याचे मला आठवत नाही.

निघताना वहिनींनी विचारले, तो फ्रेंच मुलगा, लिहीत होता तो, त्याचे पुढे काय झाले? मला माहीत होते तेवढे मी सांगितले. बासाँने सायकल सोडल्यावर फ्रान्सच्या क्रीडा खात्यात नोकरी धरली. काम उत्तेजक द्रव्यांविरुद्धचेच. हौसेखातर तो डोंगरी सायकलीच्या शर्यतींत भाग घेत असे. २०१२ साली अशाच एका शर्यतीतून तो थकून मध्येच बाहेर पडला आणि घराकडे निघाला. त्याची तपासणी व्हावयाची आहे हे त्याला उशिरा कळले, आणि तो वेळेवर परत पोहोचू शकला नाही. महासंघाने त्याच्यावर एक वर्षाची बंदी घातली. अपिलात ती एक महिन्याची झाली.

"म्हणजे त्याच्या सर्व्हिस-बुकात नोंद आहे," नाना म्हणाले, आणि चपला शोधू लागले.